‘आमच्याच कॉलेजात का?’ या प्रश्नाचं उत्तर लिहिताना

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जात एक प्रश्न बऱ्याचदा भेटतो: तुम्हाला आमच्याकडेच का शिकायचं आहे? मुलं त्याला ‘व्हाय एसे’ म्हणतात. उत्तराला कुठे १५० शब्द मिळतात, कुठे ३००, क्वचित ६५०. मार्क, शिफारसपत्रं, परीक्षांचे स्कोअर असं सगळं भरून झालं की गाडी नेमकी इथे अडते.

मी ज्युनियर कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. आता सप्टेंबर ते डिसेंबर दर रविवारी सकाळी दादरच्या आमच्या घरी दोन-चार मुलं असे ड्राफ्ट घेऊन येतात. कुणी डोंबिवलीहून, कुणी विक्रोळीहून. बहुतेकांच्या घरात परदेशातला अर्ज याआधी कुणी पाहिलेलासुद्धा नसतो. हा लेख अशा मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

पहिला ड्राफ्ट जवळजवळ नेहमी कॉलेजच्या कौतुकाने भरलेला असतो. जगप्रसिद्ध प्राध्यापक, अत्याधुनिक प्रयोगशाळा, जगभरातून आलेले विद्यार्थी, सुंदर कॅम्पस. तो वाचणारा माणूस त्याच कॉलेजच्या प्रवेश विभागात नोकरी करतो. आपलं कॉलेज कसं आहे हे त्याला तुमच्याकडून ऐकायचं नसतं. त्याला हवं असतं ते एवढंच: तुम्ही आत्तापर्यंत काय करत आलात, त्यात कुठे अडलात, आणि ती अडचण सोडवायला आमच्याकडची कोणती गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. तुमच्याकडचा धागा आणि त्यांच्याकडचा धागा यांची गाठ एकदा दिसली की उत्तर झालं.

याचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला नमुना आपल्या कल्याणात जन्मलेल्या मुलीचा आहे. आनंदीबाई जोशींनी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेत पोचल्यावर पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. ते आजही फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पूर्ण करत नसू, हे त्या मोकळेपणाने मान्य करतात. आप्त आणि जात, दोघांचा विरोध पत्करून इथवर आलो, तीच जिद्द अभ्यासात उपयोगी पडेल, असं सांगतात. आणि मग कारण: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना औषधोपचार देता यावा म्हणून मला शिकायचं आहे. कॉलेज १८५० साली स्थापन झालेलं, तेही बायकांना डॉक्टर करण्यासाठीच. त्यांचं काम आणि कॉलेजचं काम एकमेकांत बसलं होतं. १८८६ साली आनंदीबाई तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. तुमचं कारण एवढं मोठं असण्याची काही गरज नाही, पण इतकं नेमकं ते असू शकतं.

आधी प्रश्न नीट वाचा

हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. सगळी कॉलेजं हा प्रश्न विचारत नाहीत. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांना मिळून भरायच्या एकाच ऑनलाइन अर्जावर, एक मुख्य निबंध असतो, २५० ते ६५० शब्दांचा, आणि तो तुम्ही निवडलेल्या सगळ्या कॉलेजांना जातो. त्यात एकाच कॉलेजचं नाव घालून ठेवू नका. ‘व्हाय एसे’ त्याच्यापेक्षा वेगळा, त्या त्या कॉलेजच्या स्वतःच्या प्रश्नांमध्ये असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्जच निराळा आहे: आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द, आणि तीच उत्तरं तुम्ही निवडलेल्या त्यांच्या सगळ्या कॅम्पसवर वाचली जातात. तिथे ‘मला बर्कलीच का हवं’ लिहिलंत तर जागा फुकट गेली.

इंग्लंडला अर्ज करणाऱ्यांनी तर आणखी सांभाळायला हवं. यूकॅस म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या अर्जांची एकत्रित व्यवस्था. तिच्यात पाच कोर्सपर्यंत अर्ज करता येतो आणि पाचही ठिकाणी तुमचं एकच निवेदन (पर्सनल स्टेटमेंट) जातं. २०२६च्या प्रवेशांपासून ते तीन प्रश्नांत विभागलंय, एकूण मर्यादा मात्र ४००० अक्षरांचीच आहे आणि त्यात मधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. तिथला पहिला प्रश्न हा कोर्स किंवा हा विषय का, असा आहे. विद्यापीठाचं नाव घ्यायचंच नाही. गेल्या वर्षी एका मुलाने त्यात एकाच विद्यापीठाचं गुणगान गायलं होतं. सुदैवाने पाठवायच्या आधी आला.

अमेरिकन कॉलेजांच्या बाबतीत एक कमी माहितीची पण फार उपयोगी गोष्ट आहे. बरीच कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधले की तो सापडतो. त्यातला सी ७ हा भाग बघा. मार्क, निबंध, शिफारसपत्रं, अर्जदाराने दाखवलेला रस, यातल्या कशाला ते कॉलेज किती महत्त्व देतं हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं. वेळ कुठे जास्त घालवायचा हे त्यावरून ठरवता येतं.

मग स्वतःची वही, आणि ती मराठीत

कॉलेजच्या वेबसाइटपासून सुरुवात करू नका. तिथली भाषा इतकी गुळगुळीत असते की ती तुमच्या लिखाणात उतरते आणि मग निघता निघत नाही. आधी एक साधी दोनशेपानी वही घ्या. आठवडाभर रोज अर्धा तास त्यात लिहा: कोणती गोष्ट कुणी न सांगता केली, कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधताना रात्र झाली, कशावरून घरी वाद झाला, कोणता विषय समजला असं वाटलं आणि नंतर समजलाच नव्हता हे कळलं.

हे मराठीत लिहा. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरीही. मुलं इंग्रजीत लिहायला बसली की ‘पॅशन’पासून सुरुवात करतात. त्याच मुलाला मी म्हणते, ‘अरे, आजीला सांगतोस तसं सांग.’ मग तो म्हणतो, ‘मॅडम, ते साधं आहे हो, आमच्या बाबांच्या दुकानात पाणी शिरतं ना, म्हणून.’ हवं होतं ते हेच.

त्या मुलाचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्याच्या चार ड्राफ्टमध्ये या लेखातलं बरंचसं येऊन जातं. त्याचे वडील दादरच्या हिंदमाता भागातल्या कापड बाजारात दुकानावर काम करतात. त्याला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं होतं, पाण्याच्या निचऱ्यावर. पहिल्या ड्राफ्टची सुरुवात २६ जुलै २००५ने होती: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, मुंबई ठप्प, शेकडो मृत्यू. माहिती बरोबर होती. पण तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता. तो आकडा मुंबईतला कुणीही लिहू शकला असता.

मी विचारलं, ‘तू स्वतः काय पाहिलंस?’ तेव्हा कळलं की जून लागला की दुकानातले खालचे दोन कप्पे रिकामे केले जातात आणि तागे वर चढवायचं काम याच्याकडे असतं. दोन पावसाळे त्याने दुकानाच्या खांबावर पाणी चढलं तिथे पेन्सिलने रेघ मारली होती आणि शेजारी तारीख व समुद्राच्या भरतीची वेळ लिहिली होती. भरतीच्या वेळी पाऊस आला की पाणी उतरायला जास्त वेळ लागतो, हे त्याला या रेघांवरून कळलं होतं. महापालिकेने हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता: टाकी किती मोठी हवी, हे ठरवतात कसं?

ही सगळी माहिती त्याच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नव्हती. ‘त्यात काय सांगायचं?’ असं त्याला वाटलं होतं. आपल्या घरातलं रोजचं काम हे सांगण्यासारखं असतं, हे पटवण्यातच माझे निम्मे रविवार जातात.

कॉलेज वाचायचं कसं

वही भरली, प्रश्न हाती आला, की मग वेबसाइट. पहिलं पान सोडून द्या. कोर्स कॅटलॉग उघडा आणि तुमच्या विषयाचे चारही वर्षांचे कोर्स वाचा. कोर्सच्या नावाखाली दोन-चार ओळींचं वर्णन असतं, कधी पूर्ण अभ्यासक्रमही मिळतो. कोर्स दरवर्षी असतो की कधीतरी, पहिल्या वर्षी घेता येतो की तिसऱ्या, तेही बघा. मग विभागातले प्राध्यापक सध्या कशावर काम करतात ते वाचा, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत पदवीच्या मुलांना घेतात का, तेही. मोठं नाव असलेले प्राध्यापक काही वेळा फक्त पीएचडीवाल्यांना शिकवतात. त्यांच्याकडे शिकायचंय असं तुम्ही लिहिलंत तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र वाचा. तिथे मुलांच्या तक्रारी असतात आणि कॉलेज कसं चालतं ते त्यातूनच कळतं.

काही कॉलेजांची घडणच वेगळी आहे, ती समजून घ्या. कोलंबिया विद्यापीठात ‘कोअर’ नावाचा सगळ्यांना सक्तीचा अभ्यासक्रम १९१९पासून चालत आलाय. ब्राउनमध्ये नेमकं उलट, विभागाबाहेरचे असे सक्तीचे विषय जवळपास नाहीत, विद्यार्थ्याने स्वतः रचना करायची. कोलोराडो कॉलेजमध्ये एका वेळी एकच विषय, साधारण साडेतीन आठवडे, मग पुढचा. नॉर्थइस्टर्नमध्ये मधल्या काळात सहा सहा महिने प्रत्यक्ष नोकरी करता येते. यातली कुठलीही पद्धत मुळात चांगली किंवा वाईट नाही. तुम्ही कसे शिकता त्याच्याशी ती जुळते का, हे मात्र तुम्हाला सांगता आलं पाहिजे. डोंबिवलीच्या एका मुलीने कोलोराडोबद्दल लिहिलं की लोकलमध्ये रोज दीड तास एकच पुस्तक वाचायची सवय लागल्यामुळे एका दिवसात सहा तासिका तिला नेहमी तुटक वाटायच्या. तिने कॉलेजची स्तुती अजिबात केली नव्हती, तरी ते कॉलेज तिला का हवं हे मला एका वाक्यात कळलं.

प्रवेश विभागाची ऑनलाइन माहितीसत्रं असतात, ती मोफत असतात. आपल्याकडे ती बऱ्याचदा रात्री उशिरा येतात, पण एखाद्यात बसा आणि वेबसाइटवर न मिळणारा प्रश्न विचारा. अमेरिकन सरकारच्या ‘एज्युकेशनयूएसए’चं मोफत मार्गदर्शनही मुंबईत मिळतं. पैसे भरून सल्लागार गाठण्याआधी तिथे जाऊन या.

टिपणं काढताना पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे तुमच्या वहीतला प्रश्न किंवा काम, उजवीकडे त्या कॉलेजातली गोष्ट. उजवीकडे आहे पण डावीकडे जोडीदार नाही, अशी प्रत्येक नोंद खोडा. दोन-तीन जोड्या उरल्या तरी पुष्कळ झाल्या. एकही उरली नाही, तर या कॉलेजला अर्ज करावा का याचाच पुन्हा विचार करा. माझ्या समोर दोघातिघांनी अशी कॉलेजं यादीतून काढली आणि अर्जाचे पैसे वाचवले.

लिहिणं

सुरुवात तुमच्या प्रश्नाने करा. शब्द कमी असतात, प्रस्तावनेला जागाच नाही. हिंदमाताच्या मुलाचा शेवटचा ड्राफ्ट अर्थातच इंग्रजीत गेला, त्याचा पहिला भाग साधारण असा होता:

‘वडील काम करतात त्या दुकानाच्या खांबावर माझ्या पेन्सिलच्या अकरा रेघा आहेत. प्रत्येक रेघ म्हणजे एका दिवशी चढलेलं पाणी, आणि शेजारी त्या दिवसाच्या भरतीची वेळ. आमच्या भागात पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत. त्यांचा आकार कसा ठरवला हे मी विचारलं, तेव्हा मला समजेल असं उत्तर मिळालं नाही. तुमच्याकडे दुसऱ्या वर्षी विद्यार्थी कॅम्पसमधल्या ओढ्याचं पाणी वर्षभर मोजतात आणि त्या मोजमापांवरून पुराचा अंदाज बांधतात. माझ्या अकरा रेघांवरून अंदाज बांधता येत नाही, हे मला कळतं. किती रेघा लागतात आणि त्या कशा मारायच्या, हे मला त्या ओढ्यावर शिकायचं आहे.’

यात ‘स्वप्न’ नाही, ‘आवड’ नाही, कॉलेजच्या क्रमवारीचा उल्लेख नाही. आपल्याला काय येत नाही हे त्याने स्पष्ट सांगितलंय, आणि त्यामुळेच कॉलेजची गरज खरी वाटते. मुलांना भीती वाटते की अज्ञान दाखवलं तर नाकारतील. पण ज्याला सगळंच येतं त्याला शिकवायचं काय?

दुसऱ्या भागात तुम्ही तिथे काय द्याल, तेही येऊ द्या. इथे आपली मुलं फार संकोचतात. ‘मी मुंबईची संस्कृती घेऊन येईन’ अशा वाक्याचा उपयोग नाही. गणपतीत ढोलपथकात वाजवत असाल तर तिथल्या तालवाद्यांच्या गटाचं नाव शोधा. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालत असाल तर तेही चालेल. करत आलात तेच पुढे करणार आहात, एवढं कळलं की बस.

शेवट मात्र उगाच रंगवू नका. ‘अशा प्रकारे या महान संस्थेचा भाग होणं हे माझं भाग्य ठरेल’ हे वाक्य जवळपास प्रत्येक ड्राफ्टमध्ये इंग्रजीत असतं. शेवटची जोडी सांगून झाली की थांबा.

बोर्डाच्या सवयी काढून टाकणं

दोष मुलांचा नाही. दहा वर्षं आपण त्यांना निबंध म्हणजे सुविचाराने सुरुवात, मधे तीन मुद्दे आणि शेवटी तात्पर्य, असं शिकवतो. दुसरीकडे अर्ज म्हणजे ‘माननीय महोदय, सविनय विनंती’. मुलं हे दोन्ही एकत्र करतात आणि निबंध वाचताना ती पाय धरतायत असं वाटतं. नम्र राहा, पण विनवणी करू नका. तुम्ही निवड करताय आणि तेही निवड करतायत.

‘आम्ही’ लिहिण्याची सवयही बघा. सायन्स एक्झिबिशनला ‘आम्ही मॉडेल केलं’ असं लिहिलं की त्यातला तुमचा हात दिसत नाही. ‘वायरिंग मी केलं, दोनदा जळलं’ असं लिहा. आणि ‘आईबाबांचं स्वप्न पूर्ण करायचं आहे’ हे कितीही खरं असलं तरी इथे ते कारण होत नाही. एका मुलीला हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने दागिने मोडले होते. ते कमी लेखायचं नाही. मुख्य निबंधात त्याला जागा असेल, पण कॉलेजने विचारलंय ते तिच्याबद्दल.

कारण म्हणून हे चालत नाही: क्रमवारी, हवामान, शहर प्रसिद्ध असणं, मामा न्यू जर्सीत असणं. शेवटचं कारण घरच्यांसाठी सगळ्यात मोठं असतं, हे मला माहीत आहे.

ड्राफ्ट झाला की कॉलेजचं नाव जिथे जिथे आहे तिथे बोट ठेवून झाका आणि घरातल्या कुणाला वाचून दाखवा. नाव झाकूनही वाक्य दुसऱ्या दहा कॉलेजांना चालत असेल, तर ते वाक्य काढा. सुरुवातीला अर्धा निबंध जातो. घाबरू नका, उरलेल्या अर्ध्यातच खरा मजकूर असतो.

कुणाची मदत घ्यावी

दोन वाचक पुरे. एक तुम्हाला ओळखणारा, जो ‘हे तू नाहीस’ म्हणू शकेल. दुसरा इंग्रजी चांगलं असलेला, जो फक्त चुका दाखवेल, वाक्यं बदलणार नाही. सहा जणांना दाखवलंत तर सहा जणांचा निबंध तयार होतो.

पैसे घेऊन पूर्ण निबंध लिहून देणारे आहेत. दोन वर्षांपूर्वी वेगवेगळ्या उपनगरांतली दोन मुलं एकाच रविवारी आली आणि दोघांच्या निबंधाची पहिली ओळ शब्दशः सारखी होती. दोघांनीही एकाच ठिकाणी पैसे भरले होते. मुलं बिचारी एकमेकांकडे बघत राहिली. आम्ही दोन्ही निबंध बाजूला ठेवून वहीपासून पुन्हा सुरुवात केली, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. चॅटबॉटकडून लिहून घेण्याचंही तसंच. कॉमन ॲपच्या नियमांत एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं हे फसवणुकीत मोडतं, आणि यूकॅसमध्ये तर जुन्या निवेदनांशी साम्य तपासणारी यंत्रणा आहे. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या खांबावरच्या रेघा त्या मुलाशिवाय कुणालाच माहीत नव्हत्या, यंत्राला तर नाहीच.

वेळापत्रक

कॉमन ॲपचा नवा अर्ज १ ऑगस्टला उघडतो. अर्ली, म्हणजे लवकर करायच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर, रेग्युलर म्हणजे नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे एक दिवाळीच्या आसपास आणि दुसरी बारावीच्या प्रिलिमच्या तोंडावर. अर्ली अर्जाचा ‘अर्ली डिसिजन’ नावाचा एक प्रकार आहे, त्यात प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं बंधन असतं, त्यामुळे आर्थिक मदतीचं गणित घरी बसून नीट समजून घेतल्याशिवाय तो पर्याय निवडू नका.

अकरावीच्या मे महिन्यात वही. जून-जुलैत कॉलेजं वाचणं. गणपतीपर्यंत दोन कॉलेजांचे ड्राफ्ट. कॉमन ॲपवर २० कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो, म्हणून वीस भरू नका. आठ-नऊ ‘व्हाय एसे’ मनापासून लिहिता लिहिता बारावीचा मुलगा दमतो, हे मी दरवर्षी बघते. मुदतीची वेळ कोणत्या टाइम झोनची आहे ते वाचा, आणि काही झालं तरी तीन दिवस आधी पाठवा. पावसाळा नसला तरी आपल्याकडे वीज जाते, इंटरनेट जातं, वडिलांचं कार्ड परदेशी व्यवहार नाकारतं. कार्ड आधीच सुरू करून घ्या.

पाठवण्याआधी अर्जाचा पीडीएफ दिसतो. तो मोबाइलवर न वाचता प्रिंट काढून वाचा. एका कॉलेजसाठी लिहिलेला परिच्छेद दुसऱ्यात वापरताना पहिल्याचं नाव तसंच राहून जातं, आणि ते स्क्रीनवर दहा वेळा वाचूनही दिसत नाही. म्हणून पेन्सिल घेऊन प्रत्येक कॉलेजच्या नावाभोवती गोल करा, प्रोफेसरांच्या आणि कोर्सच्या नावांभोवतीही, आणि एकेक नाव वेबसाइटवरच्या स्पेलिंगशी ताडून मगच बटण दाबा.